दुःख वेगळं, धसका वेगळा
सकाळी डबा घेऊन लोकल पकडलेला माणूस दुपारी तीनला जातो. घरी फोन येतो, "वहिनी, जरा हॉस्पिटलला या, थोडं लागलंय." खरं काय ते वॉर्डाच्या दाराशी गेल्यावरच कळतं. पुढे कित्येक महिने बिल्डिंगमध्ये त्या घराबद्दल एकच वाक्य फिरत राहतं: "तिने फार मनाला लावून घेतलंय हो."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी एकच गोष्ट विचारते. त्यांना सारखा आठवतो तो माणूस, की ती दुपार?

माणूस आठवतो ते दुःख. ती दुपार पाठ सोडत नाही, तो धसका. डॉक्टर पहिल्याला शोक म्हणतात, दुसऱ्याला आघात.

भांडुपच्या एका वहिनींचं, त्यांना विचारूनच, इथे सांगते. नवरा लिफ्ट दुरुस्तीला जायचा, डक्टमध्ये पडून गेला. त्याचा निळा शर्ट त्या उशाखाली घेऊन झोपायच्या, वास जाईल म्हणून धूत नव्हत्या. बाणगंगेवर दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा "पोरांना शिकवीन, काळजी करू नका" असं मोठ्याने म्हणून त्या हमसून रडल्या. हे सगळं दुःख. त्यात नवऱ्याकडे धाव आहे.

पण साइटवरून परत आलेल्या पिशवीत त्याचा स्टीलचा डबाही होता. तो त्यांनी माळ्यावर टाकला. उघडायचा नाही आणि कुणाला टाकूही द्यायचा नाही. स्वतः सातव्या मजल्यावर राहून लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. अनोळखी नंबरचा फोन वाजला की हात थरथरायचे, तीनच्या सुमाराला घाम फुटायचा. पडताना त्यांनी नवऱ्याला पाहिलं नव्हतं, तरी रोज रात्री तो पडताना दिसायचा. जवळचं माणूस अपघातात गेल्याची बातमी नुसती ऐकूनही आघात होऊ शकतो, हे अनेकांना पटत नाही. "तू तर तिथे नव्हतीस" असं त्यांना सख्ख्या भावाने ऐकवलं होतं.

हा फरक का धरून बसायचा? कारण एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला बाधू शकतं. दुःखाला माणसं लागतात. शेजारून आलेला पिठलं-भात, त्याच्या जुन्या गोष्टी, वर्षश्राद्ध, यांनी ते हळूहळू पेलवतं. बहुतेकांचं दुःख हा आजार नसतोच. सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल, तर त्याला दीर्घकाळचा शोकविकार म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या निकषांत प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे.

धसक्याला इतकं थांबायचं नसतं. महिन्याभरानंतरही तेच दृश्य, तेच दचकणं, तीच टाळाटाळ चालू असेल तर मनोविकारतज्ज्ञ गाठावा. आणि "बोलून मोकळी हो" म्हणत ती दुपार पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. पोलिसांना जबाब, पंचनामा, विमा, कंपनीचा माणूस, शिवाय भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक. तीच हकिगत त्या वहिनींनी पहिल्या पंधरा दिवसांत किती जणांना सांगितली असेल! कागदपत्रांसाठी घरातलं दुसरं कुणी पुढे व्हावं. साइटवर कुणी काढलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नये, मुलंही तो बघतात. झोपेच्या गोळ्याही कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नयेत.

धसक्यावर खास उपचार आहेत. आघातावर बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत, किंवा डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर, दोन्हींत ती आठवण प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, झेपेल तेवढीच हाताळतात. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

एकाच माणसात दोन्ही असू शकतात, आणि तिथेच खरी पंचाईत होते. धसका दुःखाची वाट अडवतो. नवऱ्याची आठवण काढायला जावं तर आधी डक्ट समोर येतो, म्हणून बाई आठवणच काढत नाही. लोक म्हणतात, किती खंबीर आहे.

वहिनींचे उपचार सुरू झाल्यावर आठव्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं आणि माळ्यावरून तो डबा काढला. उघडला तर आत कोरड्या मसाल्याचे डाग, बाकी रिकामा.

"तोंडली दिली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "त्यांना आवडायची नाहीत. सगळी खाल्ली होती बघा." आणि डबा मांडीवर धरून खूप वेळ रडल्या.