ख्रिस्ताचे सामाजिक राजत्व
येशू ख्रिस्ताची सत्ता माणसाच्या अंतःकरणापुरती किंवा उपासनेपुरती नसून कुटुंब, कायदा, राज्यसंस्था आणि अर्थव्यवहार यांवरही आहे, असे मानणारी ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संकल्पना. समाजाने केवळ सुव्यवस्था आणि समृद्धी साधून भागत नाही. माणसाच्या अंतिम ध्येयाकडे, म्हणजे देवाकडे जाण्याची वाट त्याने निदान अडवू नये, असा तिचा आग्रह आहे. कॅथलिक परंपरेत ती जास्त रेखीवपणे मांडली गेली. प्रॉटेस्टंट परंपरेतील मांडणी वेगळ्या शब्दांत येते.

बायबलमध्ये या विषयाचे एकच सूत्र सापडत नाही. ‘कैसराचे (रोमन सम्राटाचे) ते कैसराला आणि देवाचे ते देवाला’ हे येशूचे उत्तर सर्वपरिचित आहे; पण देवाचे नाही असे कैसराकडे काय उरते, हा प्रश्न त्या उत्तरातच दडलेला आहे. देवापासून नाही असा अधिकार नाही, असे प्रेषित पौल रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहितो. तर मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे येशूचा शिष्य पेत्र यहुदी न्यायसभेला ठणकावतो. रोमन सुभेदार पिलातापुढे येशू ‘माझे राज्य ह्या जगाचे नाही’ म्हणतो आणि त्याच खटल्यात पुढे पिलाताचा अधिकारही वरूनच आलेला आहे याची त्याला आठवण देतो. अधिकार वरून येतो म्हणजे तो पवित्र ठरतो असे नव्हे. त्याला जाब द्यावा लागतो. राजेरजवाड्यांच्या भाटांनी यातला पहिला भाग उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे गाळला.

इ. स. 390 मधील प्रसंगात हा दुसरा भाग ठळकपणे दिसतो. थेस्सलोनिकेत एका लोकप्रिय रथस्पर्धकाला कैदेत टाकल्यावरून दंगल उसळली आणि तिथला सेनाधिकारी मारला गेला. सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने बदला म्हणून नागरिकांची कत्तल केली. मिलानचे बिशप अँब्रोज आजाराचे निमित्त सांगून शहराबाहेर गेले आणि तिथून त्यांनी सम्राटाला स्वहस्ते पत्र लिहिले. हे पत्र फक्त सम्राटानेच वाचावे अशी त्यांची इच्छा होती. पश्चात्ताप केल्याशिवाय तुमच्या उपस्थितीत मी अर्पणविधी करू शकत नाही, असे त्यांनी कळवले. पुढे सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतले. बिशपने चर्चच्या दारातच सम्राटाला अडवल्याचे नाट्यमय चित्र नंतरच्या इतिहासकारांनी रंगवले. मूळ पत्राचा सूर खाजगी, काहीसा आर्जवी, पण ठाम आहे.

न्याय काढून घेतला तर राज्ये म्हणजे दरोडेखोरांच्या मोठ्या टोळ्याच, असे संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात बजावले. पोप जेलेशियस पहिले यांनी 494 मध्ये सम्राट अनास्टेशियसला लिहिताना धर्मगुरूंचा अधिकार आणि राजसत्ता अशी विभागणी केली. ती काटेकोर पाळली गेली असती तर मध्ययुगातील निम्मी भांडणे टळली असती. प्रत्यक्षात 1302 मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनी ऐहिक सत्ता आध्यात्मिक सत्तेच्या अधीन असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी त्यांना इटलीतील आनान्यी येथे पकडले आणि सुमारे महिनाभराने त्यांचे निधन झाले.

समाजाच्या ध्येयांबद्दल सर्वांत टिकाऊ विचार तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनस यांचा. कायदा हा सर्वांच्या सामायिक हितासाठी असतो आणि सद्गुणी जीवन हे त्या हिताचे अंग आहे, असे ते म्हणतात. मात्र मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. बहुसंख्यांना टाळता येतील असे गंभीर दोष, विशेषतः इतरांना अपाय करणारे, तेवढेच रोखावेत, अशी मर्यादाही तेच घालतात. धर्मराज्याची स्वप्ने पाहणाऱ्यांना ही मर्यादा सहसा आठवत नाही.

आधुनिक काळात संकल्पनेला निश्चित रूप आले ते पोप पायस अकरावे यांच्या 11 डिसेंबर 1925 च्या ‘क्वास प्रिमास’ या परिपत्रकाने. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील मोठी राजघराणी कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. ख्रिस्ताचे राज्य मुख्यतः आध्यात्मिक आहे, पण ऐहिक व्यवहारांवर त्याचा अधिकारच नाही असे म्हणणे ही घोडचूक, असे सांगून पोपनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्त राजाचा सण सुरू केला. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत चर्चविरोधी कायद्यांवरून उठाव पेटला. ‘ख्रिस्त राजाचा विजय असो’ ही त्यातली घोषणा. 23 नोव्हेंबर 1927 रोजी गोळीबार पथकापुढे उभे असताना जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू मिगेल प्रो यांच्याही तोंडी तीच होती.

प्रॉटेस्टंटांमध्ये डच धर्मशास्त्रज्ञ अब्राहम काइपर यांनी 1880 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठाच्या उद्घाटनात वेगळी वाट दाखवली. कुटुंब, विज्ञान, चर्च, राज्य या प्रत्येक क्षेत्राला देवाकडून थेट अधिकार मिळतो, म्हणून यांपैकी कोणी दुसऱ्याला गिळू नये. स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी मुख्यतः लिहिलेल्या, जर्मन प्रॉटेस्टंटांच्या 1934 च्या बार्मेन घोषणेने, राज्य हीच जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था ठरावी हा दावा फेटाळला. नाझी जर्मनीत ही निव्वळ धर्मशास्त्रीय चर्चा नव्हती.

कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणा 70 विरुद्ध 2308 मतांनी संमत केली. धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती नको, हा तिचा गाभा. तरी सत्यधर्माविषयी समाजांचे नैतिक कर्तव्य सांगणारी पारंपरिक शिकवण अबाधित राहते, असेही त्यात नमूद आहे. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा यावर कॅथलिक विचारवंतांचे वाद आजही चालू आहेत. 1969 च्या कॅथलिक दिनदर्शिकेत ख्रिस्त राजाचा सण उपासनावर्षाच्या (चर्चच्या धार्मिक वर्षाच्या) शेवटच्या रविवारी नेण्यात आला आणि त्याचा रोख युगांताकडे अधिक झुकला. सणाच्या सायंप्रार्थनेतील स्तोत्रात राष्ट्रांच्या शासकांनी ख्रिस्ताचा जाहीर गौरव करावा असे म्हणणारे कडवे होते. सुधारित प्रार्थनाग्रंथात ते वगळण्यात आले.