दम आणि शीण: झोंबींच्या खेळात माणूस थकायला कसा लागला

झोंबी चारच होते, हातात कुऱ्हाड होती, अंगावर ओरखडा नव्हता, मग मेलो कसा? ‘प्रोजेक्ट झोम्बॉईड’ हा झोंबींशी, म्हणजे उठलेल्या मढ्यांशी, लढायचा व्हिडिओ गेम नव्याने खेळायला घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारतोच. कोल्हापूरच्या राजारामपुरीत ज्या खोलीत आम्ही पाच-सहा जण रात्री खेळायला जमतो, तिथे त्याचं उत्तर दोन शब्दांत मिळतं: “दम गेला, भावा.” आधी तीन गल्ल्या पळत आलास, पाठीवरच्या पिशवीत अख्खं किराणा दुकान भरलंस आणि मग उभ्या उभ्या कुऱ्हाड फिरवत राहिलास. चौथ्या झोंबीवर घाव बसला, पण त्यात जोरच नव्हता.

हे उत्तर अर्धंच आहे. पडद्याच्या उजव्या कडेला या गेममध्ये जी छोटी चित्रं उगवतात, त्यांत थकव्याची दोन वेगळी चित्रं असतात. एक धाप लागल्याचं, दुसरं झोप अनावर झाल्याचं. मराठीत आपण सहज वेगळे शब्द वापरतो. जोतिबाचा डोंगर चढताना लागतो तो दम, आणि सलग दोन रात्री लग्नघरात जागल्यावर अंगात उतरतो तो शीण. दम पाच मिनिटं टेकलं की परत येतो. शीण टेकून जात नाही, त्याला झोपच लागते. व्हिडिओ गेमला दम फार लवकर कळला, शीण कळायला वेळ लागला. आणि झोंबी या कल्पनेचा उगम पाहिला तर तिथे मात्र शीण आधीपासूनच आहे.

झोंबी हा शब्द जगभर पसरला तो हैतीतून, आणि जुन्या हैतीचा इतिहास म्हणजे उसाचा इतिहास. अठराव्या शतकात हा भाग सां-दोमिंग नावाची फ्रेंच वसाहत होता आणि युरोपला लागणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा तिथून जायचा. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम ऊस तोडायचे, घाण्यात घालायचे, रात्रभर काहिली पेटत्या ठेवायचे. मेल्यावर आपला आत्मा समुद्रापलीकडे आपल्या मुलखात परत जातो आणि तिथे विसावा मिळतो, ही त्यांची श्रद्धा होती. झोंबी म्हणजे ज्याला तेवढंही मिळालं नाही तो. मांत्रिकाने मढं उठवायचं आणि पुन्हा शेतात जुंपायचं. भीती झोंबी येऊन चावेल याची नव्हती, आपणच झोंबी होऊ याची होती. १७९१ मध्ये गुलामांचं बंड पेटलं, १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला, पण गोष्ट लोकांत टिकून राहिली. १९१५ ते १९३४ अमेरिकेचं सैन्य हैतीत तळ देऊन होतं. त्या काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रुक या अमेरिकी प्रवासी लेखकाने हैतीवर पुस्तक लिहिलं. त्यातले झोंबी राबतात तेही साखर कंपनीच्या उसातच.

कोल्हापूरच्या माणसाला हे वाचून जरा थबकायला होतं. हंगामात रात्री खेळ आटोपून घरी निघालो की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे आम्ही अडकतो, आणि ‘अरे आवर की’ म्हणून वैतागतो. तो ऊस पहाटे थंडीत उठून कुणीतरी कोयत्याने तोडलेला असतो. तुलना इथेच थांबवतो, कारण जिवंत माणसाला झोंबी म्हणणं मला पटत नाही. पण ही कल्पना उसाच्या फडात का जन्मली असेल हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

अमेरिकेत जाऊन ही गोष्ट उलटी झाली. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने पिट्सबर्गच्या आसपास कमी पैशांत एक भयपट काढला. त्यात मढी उठतात आणि माणसं खातात. मांत्रिक गायब, शेत गायब. गंमत म्हणजे त्या सिनेमात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही, तो लोकांनी नंतर चिकटवला. पण एक जुना गुण तसाच राहिला: हे प्राणी थकत नाहीत. चालतात रेंगाळत, पण थांबत नाहीत. तुम्ही त्यांच्यापेक्षा वेगवान आहात, फक्त थोडा वेळ. पुढे २००२ च्या सुमारास पळणारे झोंबी आले आणि लोकांना तेच जास्त भीतिदायक वाटू लागले. मला तसं वाटत नाही. पळणाऱ्यापुढे माणूस हरतो तो वेगात, रेंगाळणाऱ्यापुढे हरतो तो दमात. दुसऱ्या हरण्याला वेळ लागतो, आणि खेळ त्या वेळातच घडतो.

आता गेमकडे. सुरुवातीच्या बहुतेक गेममध्ये माणूस थकतच नसे. कळ दाबत राहा, तो पळत राहील. अपवाद मजेशीर आहेत. १९८५ च्या ‘गॉन्टलेट’ या नाणं टाकून खेळायच्या यंत्रात नुसता वेळ गेला तरी तब्येत घटायची, आणि आणखी नाणं टाकलं की वाढायची. तो थकवा खेळाडूच्या खिशासाठी होता. मोबाईलवरच्या गेममध्ये ‘एनर्जी संपली, थांबा नाहीतर पैसे भरा’ असा जो निरोप येतो, तो याच घराण्यातला.

खरा दम मला दिसतो तो निन्टेन्डोच्या ‘पंच-आउट’मध्ये, १९८७ च्या घरगुती आवृत्तीत. ठोसा समोरच्याने अडवला किंवा आपल्याला लागला की पडद्यावरच्या बदामांची, म्हणजे दमाची, संख्या घटते. शून्यावर आली की आपला बुटका मुष्टियोद्धा गुलाबी पडतो आणि त्याला ठोसाच मारता येत नाही. मग फक्त चुकवायचं, वाकायचं, दम परत येईपर्यंत टिकायचं. तालमीत ज्याने एकदा तरी माती अंगाला लावली आहे त्याला हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही.

कारण हा सगळा कुस्तीचाच हिशेब आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं, त्या काळी कुस्ती निकाली असायची. चितपट होईपर्यंत लढायचं, घड्याळ नाही. अशा कुस्तीत डाव येणं निम्मं, दम टिकवणं निम्मं. अंगावर भार टाकून समोरच्याला दमवायचं, मग डाव. आजच्या मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, म्हणजे दमाची वाटणीच वेगळी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. तिथली एक गोष्ट इथल्या तालमींत अजून सांगतात. जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ झुंज झाली आणि लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवपुढे उतरावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. इशीईला सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोवला रौप्य. गेमच्या भाषेत बोलायचं तर पडद्यावरची दमाची पट्टी भरायच्या आत दुसरा झोंबी.

१९८७ मध्येच आलेल्या ‘डन्जन मास्टर’मध्ये तब्येत, दम आणि मंत्रशक्ती अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. अंगावर ओझं जास्त तर दम लवकर सरायचा, झोपवलं की भरायचा, भूक-तहान वेगळी. फिनलंडमध्ये १९९२ पासून आजतागायत वाढत असलेल्या ‘अनरिअल वर्ल्ड’ने लोहयुगातल्या माणसाचा थकवा याहून बारकाईने मोजला. पण हे गेम थोड्या लोकांचे. झोंबींचे लोकप्रिय गेम मात्र बराच काळ या बाबतीत कोरडे होते. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये जखमी माणूस लंगडतो, पण धडधाकट माणूस कितीही पळतो. तिथे टंचाई गोळ्यांची. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’चा नायक पोलीस किंवा सैनिक नसून साधा बाप आहे, आणि पळून थांबला की धापा टाकतो. तेवढ्या आवाजाने तो गेम मला जास्त खरा वाटला होता.

पुढचं भराभर घडलं. २००९ च्या ‘डीमन्स सोल्स’ने प्रत्येक वार, प्रत्येक कोलांटी आणि ढालीवर झेललेला प्रत्येक घाव एकाच हिरव्या पट्टीतून वसूल केला. २०११ च्या ‘डेड आयलंड’ने तेच झोंबींपुढे मांडलं: वल्हं फिरवा, पण मोजून. २०१३ च्या ‘स्टेट ऑफ डिके’ने आणखी एक पाऊल टाकलं. तिथे सतत वापरलेला माणूस दमतो म्हणजे त्याची पट्टीच आखूड होते, बसून ती लांबत नाही, म्हणून त्याला घरी ठेवून दुसऱ्याला बाहेर काढावं लागतं. इथे दम आणि शीण वेगळे झाले.

‘प्रोजेक्ट झोम्बॉईड’ हा द इंडी स्टोन या ब्रिटनमधल्या छोट्या कंपनीचा गेम. पहिली चाचणी आवृत्ती २०११ ची. त्याच वर्षी चोरांनी त्यांचे लॅपटॉप पळवले आणि बरंच काम त्यांच्यासोबत गेलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो आला नोव्हेंबर २०१३ मध्ये. कथा जुलै १९९३ मधल्या केंटकीत घडते, आणि सुरुवातीलाच गेम सांगून टाकतो की तुम्ही कसे मेलात त्याची ही हकिकत आहे. चालण्याने दम जात नाही, पळण्याने जातो, हत्यार जड तर आणखी जातो. घण घेऊन झुंडीत शिरणारा नवखा म्हणूनच मरतो. दम कमी तसा घाव हलका, घाव हलका तसे जास्त घाव, जास्त घाव म्हणजे दम आणखी कमी. जमिनीवर बसलं तर तो लवकर भरतो. अनुभवी खेळाडू दोन झोंबी मारून शांतपणे मागे चालत जातो तो भित्रा म्हणून नव्हे.

शीण मात्र पाठीमागून येतो. झोप साठली की घावातला जोर घटतो, गेलेला दम सावकाश भरतो आणि नजरेचा टापू आक्रसतो, म्हणजे बाजूने येणारा दिसतच नाही. खऱ्या शरीराशी हे बरंच जुळतं. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये झोपेचं जे प्रारूप मांडलं, त्यात जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ हा एक प्रवाह आणि दिवस-रात्रीचं शरीराचं घड्याळ हा दुसरा. ही ओढ वाढवणाऱ्यांत मेंदूत साठणारं ॲडेनोसिन असतं, आणि कॉफी नेमकी त्याचीच वाट अडवते. गेममध्येही कॉफीने शीण उतरतो. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनीही उतरतो, ते मात्र गेमवाल्यांचं औदार्य.

डिसेंबर २०२१ च्या ४१ व्या बिल्डमध्ये, म्हणजे आवृत्तीत, व्यायाम होता: बैठका, जोरांसारखे पुशअप, सिटअप. रोज केले तर दमाची इयत्ता वाढते, एकदम जास्त केले तर दुसऱ्या दिवशी अंग धरतं. आमच्यातल्या तालमीत जाणाऱ्या पोराला हे पाहून झालेला आनंद मी विसरणार नाही. त्याच बिल्डमध्ये चौघा-पाच जणांनी एकत्र खेळायची सोय सुधारली, आणि तिथे शीण पुन्हा हरवला. सगळे एकाच वेळी झोपल्याशिवाय रात्र भरकन सरकवता येत नाही, म्हणून सर्व्हरवर झोप सहसा बंदच असते. उरतो फक्त दम.

डिसेंबर २०२४ मध्ये चाचणीसाठी आलेल्या ४२ व्या बिल्डने तिसरा प्रकार आणला, स्नायूंवरचा ताण. सतत हत्यार फिरवलं की हात भरून येतो आणि तो ताण बसल्या बसल्या जात नाही. खेळाडूंनी इतकी ओरड केली की तो कमी-जास्त करायची सोय सेटिंगमध्ये द्यावी लागली. आमच्या सर्व्हरवर तालमीतल्या पोराने ती पूर्ण चालू ठेवली आहे. बाकीचे रोज रात्री त्याला निम्म्यावर आण म्हणतात, आणि तो रोज विचारतो, “मग चार झोंबींना एवढं पळायला कुणी सांगितलं होतं?”