वाहन उलटणे आणि स्थिरता नियंत्रण प्रणाली

स्थिरता नियंत्रण प्रणाली, म्हणजेच ईएससी, ही मोटारीचे घसरणे सुरुवातीलाच रोखणारी संगणकीय यंत्रणा आहे. वाहन उलटण्याचे प्रमाण तिच्यामुळे घटते. मात्र ती वाहनाला थेट तोलून धरते, हा समज बरोबर नाही.

वाहनाच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की स्थैर्याचा गुणांक मिळतो; तो जितका कमी, तितकी गाडी उलटण्याची शक्यता जास्त. अमेरिकी मोजणीनुसार बुटक्या प्रवासी मोटारींत तो साधारण १.३ ते १.५, तर उंच एसयूव्हींत १.० ते १.३ असतो. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, बहुधा १ पेक्षा, म्हणजे या गुणांकापेक्षाही, कमी असल्याने सपाट रस्त्यावर बहुतेक मोटारी उलटण्याआधी घसरतात. खरा धोका त्यानंतरचा आहे. आडवी घसरत गेलेली गाडी साइडपट्टीच्या मऊ मातीत रुतते, किंवा तिची चाके कठड्याला वा चराला अडतात, आणि मग तिचा वेगच तिला उलटवतो. एकट्या वाहनाचे उलटण्याचे बहुतांश अपघात असेच घडतात. म्हणून गाडी रस्त्यावर आणि सरळ तोंडाने राखणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

स्टिअरिंग किती वळवले आहे, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे, तिला आडवा प्रवेग किती आहे आणि प्रत्येक चाकाची गती काय आहे, हे संवेदक सतत मोजतात. चालकाला हवी असलेली दिशा आणि गाडीची प्रत्यक्ष दिशा यांत फरक पडताच एबीएसच्याच (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) झडपा व पंप वापरून एखाद्याच चाकाला ब्रेक लावला जातो, आणि गरजेनुसार इंजिनाची ताकदही कमी केली जाते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर वळणाच्या बाहेरील पुढचे चाक रोखले जाते. गाडी वळायला तयार नसेल, तर आतील मागचे. चालकाने कितीही कौशल्य कमावले, तरी एकाच पेडलने चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे त्याला शक्य नाही.

बॉश या जर्मन कंपनीने विकसित केलेली ही प्रणाली १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मालिकेत आली. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चाचणीत, अडथळा चुकवण्यासाठी झटकन वळवलेली मर्सिडीजची ए-क्लास उलटली, आणि त्यानंतर कंपनीने त्या लहान मोटारीतही ती सरसकट बसवली. व्होल्व्होच्या एक्ससी९० मध्ये गाडीचा कल मोजणारा संवेदकही जोडण्यात आला. उलटण्याची शक्यता दिसताच तो प्रणाली चालू करतो. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून हलक्या वाहनांना ईएससी सक्तीची झाली. भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळण्यासाठी ती आवश्यक आहे.

टायरची पकड संपली की ही प्रणालीही निष्प्रभ ठरते, कारण तिची सारी ताकद टायरमधूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. अतिवेग आणि गुळगुळीत झालेले टायर यांची भरपाई ती करू शकत नाही. टपावरच्या कॅरिअरवर रचलेल्या सामानाने गुरुत्वमध्य वर जातो, तोही ती खाली आणू शकत नाही.