पूरग्रस्ताचे मनोगत आणि पूर पाहिलेले मूल : एक पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यात पावसाळी आपत्तीतले पहिले निवारा केंद्र बहुधा शाळाच असते. उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याणकडच्या वस्त्यांत शिरले, किंवा मुंब्रा-कळव्याच्या डोंगरउतारावरची घरे रिकामी करावी लागली, की कुटुंबे जवळच्या शाळेच्या वर्गांत हलवली जातात आणि मुलांची अंथरुणे बाकांशेजारी पडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेव्हापासून या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाठ्यपुस्तके, वह्या आणि दप्तरे यांची मदत ठरल्यासारखी येते. गोष्टीचे पुस्तक मात्र त्या यादीत अजूनही उपरे वाटते, आणि कोऱ्या वहीचा उपयोग बुडालेला गृहपाठ भरून काढण्यापलीकडे क्वचितच जातो. वाचन आणि लेखन यांनी आपत्तीतून आलेल्या मुलाला उभारी मिळते, हा विचार जगात कसा रुजला आणि त्याला कोणत्या दुरुस्त्या कराव्या लागल्या, हे त्यासाठी पाहण्यासारखे आहे.

मुलांकडून आपत्तीविषयी लिहून घेण्याची जुनी परंपरा जपानमध्ये आढळते. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत एक लाखाहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी टोकियो शहराने आपल्या प्राथमिक शाळांतील मुलांचे भूकंपाविषयीचे निबंध एकत्र करून छापले. ३ मार्च १९३३ रोजी सानरिकू किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा टारो गावच्या शाळकरी मुलांनी लिहिलेले निबंधही जपले गेले. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर त्या जुन्या निबंधांपासून प्रेरणा घेऊन एका पत्रकाराने निवारा केंद्रांत फिरून मुलांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले. आधीचे संग्रह प्रामुख्याने स्मारक होते, म्हणजे मोठ्यांना हवी असलेली नोंद. लिहिताना त्या मुलाचे काय होते, हा प्रश्न पुढे हळूहळू विचारला जाऊ लागला, असे माझे वाचन सांगते.

वाचनाचा प्रवाह युद्धाच्या राखेतून आला. येल्ला लेपमान या ज्यू पत्रकार बाई निर्वासनातून जर्मनीत परतल्या आणि १९४६ मध्ये त्यांनी म्युनिकमध्ये निरनिराळ्या देशांतील बालपुस्तकांचे प्रदर्शन भरवले. ज्या देशात अन्नाचीच ददात होती तिथे चित्रांची पुस्तके मागवणे अनेकांना चैन वाटले असणार; तरी १९४९ मध्ये त्यातूनच आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले आणि १९५३ मध्ये बालपुस्तकांसाठीची जागतिक संघटना स्थापन झाली. डिसेंबर १९९९ मध्ये व्हेनेझुएलाच्या वार्गास किनारपट्टीवर अतिवृष्टीने डोंगर खाली आले. हे दृश्य सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तिथे बालपुस्तकांच्या याच जागतिक संघटनेशी जोडलेल्या ‘बांको देल लिब्रो’ या संस्थेने आपद्ग्रस्त मुलांसोबत मोठ्याने वाचन करण्याचा उपक्रम चालवला. गोष्ट ऐकून मुलाला काही सांगावेसे वाटले तर ऐकणारे कोणी समोर असावे, एवढाच अशा वाचनामागचा साधा हिशेब असतो.

लेखनाला शास्त्रीय आधार मिळाला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातून. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील दुःखद घटनेबद्दल लिहिले, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्याचे दिसले. हा निष्कर्ष पुढे फार ताणला गेला. नंतरच्या शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतल्यावर परिणाम खरा पण लहान निघाला. शिवाय मूळ प्रयोगातले लोक तरुण होते, आठ-दहा वर्षांची मुले नव्हती.

याच काळात आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत ‘मन मोकळे करून’ घेण्याची पद्धत जोरात होती. २००२ च्या सुमारास तिचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा तिच्यामुळे पुढचा मानसिक त्रास टळत नाही आणि काहींना अपायही होऊ शकतो, असे आढळले. म्हणून आपत्तीकाळातील मानसिक आधाराविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आणि २०११ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेने, कोणावरही अनुभव सांगण्याची सक्ती करू नये, असे बजावले. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत मुलांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात तर आयुष्याची कहाणी क्रमाने मांडणारी मुले आणि ध्यान-शिथिलीकरण करणारी मुले सारखीच सुधारली. म्हणजे लिहिणे हा एकमेव मार्ग ठरत नाही. हवाईतल्या काउई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा मानसशास्त्रज्ञ एमी वेर्नर यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यात बिकट परिस्थितीतली सुमारे एक तृतीयांश मुले चांगली सावरली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. पुस्तक मोठ्याने वाचणारी ताई किंवा गुरुजी काही अंशी ती जागा घेतात.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. त्या काळी भर निवारा आणि शाळा यांवर होता, आणि ते रास्तच होते. मुलांच्या मनाचा प्रश्न सरकारी कागदावर ठळकपणे आला तो २००९ मध्ये, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा.

आपल्याकडची खरी अडचण मला वेगळीच वाटते. ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ आणि ‘भूकंपग्रस्ताचे मनोगत’ हे मराठी शाळांतले पिढ्यान्‌पिढ्यांचे निबंधविषय आहेत. ‘आकाश फाटले’, ‘होत्याचे नव्हते झाले’ ही वाक्ये मुले मार्गदर्शकातून पाठ करतात, आणि जिने खरोखर माळ्यावर रात्र काढली ती मुलगीही परीक्षेत तीच लिहिते, कारण गुण त्यांनाच मिळतात. तिची बुडालेली सायकल त्या निबंधात येत नाही. लिहायला जागा आहे, पण ती आधीच भरलेली आहे.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले. ठाणे आणि नवी मुंबईहून तेव्हा मदत गेली, तशीच १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यावरही गेली. तिथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ही वस्ती ठाकर समाजाची होती. तिथली काही मुले आश्रमशाळेत असल्याने वाचली. वाचलेल्या कुटुंबांना पुढे कंटेनरमध्ये राहावे लागले. शहापूर-मुरबाडकडच्या आश्रमशाळांतही अशाच आदिवासी मुलांच्या घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांत अंतर असते. अशा मुलाने दरडीबद्दल लिहायचे ठरवले, तर ते घरच्या बोलीत लिहू द्यायचे का, त्यावर लाल शाईने खुणा करायच्या का आणि ती वही शिक्षकांनी तपासायला घ्यायची का, हे शाळेने जूनमध्येच ठरवून ठेवायला हवे. पाणी शिरल्यावर त्याच वर्गात पन्नास कुटुंबे उतरलेली असतात आणि शिक्षक धान्य वाटपाच्या यादीत गुंतलेले असतात.