पुढे जायचं तर बाजूला रेटा

चालताना आपण पायाने जमीन मागे ढकलतो. पहिल्यांदा स्केट बांधलेला माणूसही तेच करायला जातो आणि फसतो. चाक काय किंवा बर्फावरचं पातं काय, लांबीच्या दिशेने ते इतकं सहज सरकतं की मागे रेटायला आधारच सापडत नाही. पाय निसटतो आणि धड मागे राहतं. तेच पातं थोडं तिरकं धरून बाजूला दाबलं, की ते रोवल्यासारखं उभं राहतं. लांबीत घसरण आणि आडवी पकड, या दुहेरी घर्षणावर स्केटिंग उभं आहे. वेग, वळण आणि थांबणं त्यातूनच येतं. पडल्यावर किती लागेल हेही बऱ्याच अंशी घर्षणच ठरवतं.

बर्फ घसरडा का असतो? पात्याच्या दाबाने तो वितळतो, हे उत्तर अजूनही सांगितलं जातं, पण ते पुरं पडत नाही. बर्फाचा वितळणबिंदू फक्त 1 अंशाने खाली आणायलाही वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 130 पट दाब लागतो, आणि लोक तर उणे 15 अंशांनाही मजेत स्केटिंग करतात. बर्फाच्या सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूंना एका बाजूने शेजारीच नसतात. त्यामुळे ते सैल बांधलेले आणि चंचल असतात. त्यात पात्याच्या घर्षणाची उष्णता मिळते. बर्फ फार गार झाला तर हे रेणू जखडतात आणि फार उबदार झाला तर पातं मऊ बर्फात रुतत जातं. म्हणून घर्षण उणे 7 अंशांच्या आसपास सर्वांत कमी असतं. स्पीड स्केटिंगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या वेगाच्या शर्यतीत, मोजलेला घर्षणांक 0.003 ते 0.007 इतका आहे. म्हणजे 70 किलोच्या खेळाडूला बर्फ मागे ओढतो तो जेमतेम अर्धा किलो वजनाच्या जोराने.

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. धावताना जमिनीवर टेकलेला पाय स्थिर असतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे जातं. म्हणजे जितका वेग हवा, तितक्याच वेगाने पाय शरीराच्या मागे फेकावा लागतो. स्नायूंच्या आकुंचनाच्या वेगाला मर्यादा आहे आणि धावपटू तिथे अडतो. स्केटरचा रेटणारा पाय मात्र शरीराबरोबर पुढे सरकतच असतो. त्याला फक्त बाजूला, पात्याला काटकोनात, लांबायचं असतं. पातं प्रवासाच्या दिशेशी थोडं तिरकं असल्यामुळे त्या रेट्याचा एक छोटा हिस्सा पुढच्या दिशेने मिळतो. पाय किती वेगाने लांबतो आणि माणूस किती वेगाने जातो, यांचं नातं इथे सुटतं. उसेन बोल्टच्या 100 मीटरच्या 9.58 सेकंदांच्या विक्रमात सरासरी वेग ताशी सुमारे 38 किलोमीटर होता, तर 500 मीटर 34 सेकंदांच्या आत संपवणाऱ्या स्केटरची सरासरी ताशी 53 किलोमीटर पडते. तीही उभ्या स्थितीतून सुरुवात करून.

या वेगाचा खरा शत्रू म्हणजे हवा. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून स्केटर गुडघे खोल वाकवून, पाठ जवळपास आडवी ठेवून बसतो. त्या बैठकीत मांडीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यांना रक्तपुरवठा कमी पडतो आणि पाय पेटतात. लांब पल्ल्याच्या स्केटरची सहनशक्ती मला म्हणूनच फार मोठी वाटते. विरळ हवेचा फायदा मिळतो म्हणून अनेक विश्वविक्रम समुद्रसपाटीपासून 1000 मीटरहून उंच असलेल्या कॅनडातल्या कॅल्गरी आणि अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या बर्फावर झाले.

जुन्या स्केटमध्ये एक अडचण होती. रेट्याच्या शेवटी घोटा ताणला, की पात्याचं टोक बर्फात घुसायचं. त्यामुळे घोटा आवळून धरायला शिकवत आणि गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच पाय उचलावा लागे. अ‍ॅमस्टरडॅममधले संशोधक खेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात पुढच्या बाजूला बिजागरी असलेला ‘क्लॅप स्केट’ विकसित केला. त्यात टाच उचलली तरी पातं बर्फावर सपाट राहतं. खेळाडूंनी बरीच वर्षं त्याकडे पाठ फिरवली. 1994च्या ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेच्या योहान ओलाव कॉसने जुन्या स्केटवर 10,000 मीटर 13 मिनिटं 30.55 सेकंदांत पार केले होते. 1998च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये क्लॅप स्केटवर नेदरलँड्सच्या जियानी रोमेने तेच अंतर 13 मिनिटं 15.33 सेकंदांत कापलं. सगळं श्रेय बिजागरीचं नसेल, पण त्यानंतर वेगाच्या शर्यतीत जुने स्केट दिसेनासे झाले.

वळणावर तीच आडवी पकड कामाला येते. सेकंदाला 11 मीटर वेगाने 10 मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर शरीर उभ्या रेषेपासून सुमारे 51 अंश झुकवावं लागतं. तेवढा भार पात्याची एक धार पेलते. धार बोथट असेल तर पाय बाहेर सटकतो.

आणि मग पडणं. ‘मी हळूच चालवतो, मला काय होणार’ हा समज घातक आहे. साधारण 1.6 मीटर उंचीवरचं डोकं मोकळेपणी खाली आलं, तर जमिनीवर ताशी 20 किलोमीटर वेगाने आदळतं, अगदी जागेवर उभं असतानाही. पुढे जाण्याचा वेग त्या मानाने सौम्य असतो, कारण शरीर घसरत राहिलं तर तो हळूहळू विरतो. धोका आहे तो चिकटण्यात. रस्त्यावर तळहात टेकला, अडकला, की सगळा भार मागे मुडपलेल्या मनगटावर येतो आणि हाड मोडतं. मनगटाच्या गार्डमधली कडक पट्टी दोन कामं करते: मनगट मुडपू देत नाही आणि हाताला घसरू देते. इनलाइन स्केटिंगच्या, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटच्या, दुखापतींवर 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला. तरीही पालक मुलांसाठी आधी महागडी चाकं बघतात, याचं मला वाईट वाटतं.

चाकांवर तोल गेला तर गुडघे वाकवून खाली या आणि गुडघ्याच्या पॅडवर घसरा. बर्फावर मांडीच्या बाजूवर पडा आणि मुठी मिटा, कारण मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं सापडू शकतात.

हेल्मेट थांबायला अंतर मिळवून देतं. ताशी 20 किलोमीटरने येणारं डोकं 2 मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्यावर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 800 पट मंदन येतं. आतला फोम दबून तेच अंतर 2 सेंटिमीटर झालं, तर ते 80 पटींवर येतं. हा फोम एकदा दबला की पूर्ववत होत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचंच. शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे बर्फावरच्या छोट्या रिंगणातल्या शर्यतींच्या, मोठ्या स्पर्धांमध्ये कडेला लावलेल्या जाड गाद्याही याच हिशोबाने बर्फाला पक्क्या जोडत नाहीत. खेळाडू आपटला की त्या दबतात आणि त्याच्यासकट मागे सरकतात.