कालवं, तारामासा, गिधाड: परिसंस्था कशी कळत गेली

परिसंस्था म्हणजे एखाद्या जागेतले सगळे सजीव, तिथलं पाणी, माती, हवा आणि या सगळ्यांमध्ये अखंड चाललेली देवघेव. शाळेच्या पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत आटोपते. तिच्यामागचा इतिहास मात्र लांबलचक आहे, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोण कोणावर अवलंबून आहे हे माणसाला बहुतेक वेळा त्यातलं कोणीतरी नाहीसं झाल्यावरच कळलं.

सुरुवात एका व्यापारी प्रश्नातून झाली. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या किनाऱ्यांवरची कालवं बेसुमार उपशामुळे कमी होत चालली होती. आपल्या किनाऱ्यावर त्यांची शेती करता येईल का, हे तपासायचं काम प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतल्या तेव्हाच्या राज्याच्या) सरकारनं कार्ल म्योबियस या प्राणिशास्त्रज्ञाकडे दिलं. १८७७ साली त्यांनी पुस्तकरूपानं निष्कर्ष मांडले. एक कालव लाखो अंडी घालतं, त्यामुळे कितीही काढली तरी ती भरून येतात, असा तेव्हा समज होता. म्योबियस यांनी तो खोडून काढला. त्या लाखोंपैकी मोठी होणारी पिल्लं अगदी मोजकी असतात, कारण जागा आणि अन्न ठरावीक असतं आणि शेजारीही वाटेकरी असतात. कालवं काढून घेतली की मोकळ्या जागेत दुसरेच शिंपले वाढतात. एकत्र नांदणाऱ्या या जीवांच्या समुदायाला त्यांनी ‘बायोसिनोसिस’ असं नाव दिलं. त्याआधी, १८६६ साली, अर्न्स्ट हेकेल यांनी ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘इकॉलॉजी’ (सजीवांच्या परस्परसंबंधांचं शास्त्र) हा शब्द घडवला होताच.

‘इकोसिस्टिम’, म्हणजेच परिसंस्था, हा शब्द छापून आला तो १९३५ साली, ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांच्या निबंधात. एखाद्या प्रदेशातली झाडं-झुडपं मिळून जणू एकच प्राणी असतो, तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो, असं तेव्हा काही अभ्यासक मानत. टान्सलींना ते पटत नव्हतं. सजीव आणि त्यांच्याभोवतीचं निर्जीव जग मिळून एक व्यवस्था होते, आपण अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांना वेगळं काढतो, एवढंच, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र त्या निबंधातला दुसराच मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी माणसाला या व्यवस्थेबाहेर ठेवलं नाही. जुन्या परिसंस्था मोडणारा आणि त्यांच्या जागी वेगळ्या घडवणारा तो एक प्रबळ घटक आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. हा मुद्दा पुढे कित्येक वर्षं मागे पडला, आणि अभ्यासक माणसाचा वावर नसलेली रानं शोधत राहिले.

ही व्यवस्था चालते कशी, याचा हिशेब रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी संशोधकानं मांडला. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यात कोण कोणाला खातं आणि त्यातून किती ऊर्जा पुढे जाते, हे त्यानं अनेक वर्षं मोजलं. सूर्याची ऊर्जा आधी वनस्पती पकडतात, मग ती शाकाहारी प्राण्यांकडे आणि तिथून शिकाऱ्यांकडे जाते. प्रत्येक पायरीवर तिचा मोठा वाटा उष्णतेच्या रूपानं निघून जातो. ढोबळमानानं एक दशांशच पुढे सरकतो. म्हणूनच शिखरावरचे शिकारी प्राणी नेहमी थोडे असतात आणि जरा धक्का लागला की आधी तेच डळमळतात. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं तसं नाही. मेलेलं सगळं जिवाणू आणि बुरशी कुजवतात आणि ही द्रव्यं पुन्हा वापरात येतात. लिंडमनचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता. १९४२ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पाहायला लिंडमन हयात नव्हता. वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधीच तो गेला.

१९६३ साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी मुद्दाम एक जीव काढून पाहिला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या खडकांचा छोटासा पट्टा निवडून तिथले तारामासे उचलून समुद्रात फेकायचे आणि पुढे काय होतं ते पाहायचं, असा हा साधा प्रयोग. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे गेल्यावर त्यांचं आवडतं खाद्य असलेले शिंपले खडकावर पसरत गेले आणि बाकीच्यांना जागा उरली नाही. १५ प्रजातींच्या ८ झाल्या. खाणारा होता म्हणून इतरांना जागा होती. दगडी कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला की कमान ढासळते, त्यावरून पेन यांनी १९६९ साली अशा जीवाला ‘कीस्टोन प्रजाती’ म्हटलं.

पेन यांनी फेकलेले तारामासे मूठभर होते. तसाच प्रयोग उत्तर पॅसिफिकमध्ये माणसानं नकळत कितीतरी मोठ्या प्रमाणावर आधीच करून ठेवला होता. १७४१ साली रशियासाठी निघालेल्या व्हिटस बेरिंग या दर्यावर्दीच्या मोहिमेचं जहाज एका ओसाड बेटावर फुटलं. त्यावरच्या गेओर्ग श्टेलर या निसर्ग-अभ्यासकानं तिथल्या समुद्रगाय या प्रचंड शाकाहारी सागरी प्राण्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्यानंतर अवघ्या २७ वर्षांत ती संपली. समुद्री पाणमांजरांची फरसाठी इतकी शिकार झाली, की १९११ साली आंतरराष्ट्रीय करारानं ती थांबवेपर्यंत विखुरलेल्या काही टोळ्याच उरल्या होत्या. पुढे अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर पाणमांजरं काही ठिकाणी परतली, काही ठिकाणी नाही. जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो यांनी दोन्हींकडच्या समुद्रतळाची तुलना करून १९७४ साली लिहिलं, की पाणमांजरं होती तिथे केल्प या उंच समुद्रशैवालाची घनदाट जंगलं होती. नव्हती तिथे, एरवी त्यांचं खाद्य होणाऱ्या काटेरी सी अर्चिननी केल्प खाऊन तळ उजाड केला होता. समुद्रगायीचं खाद्यही केल्पच. पाणमांजरांच्या शिकारीमुळे तिची उपासमारही झाली असावी, असा काही संशोधकांचा तर्क आहे.

‘बायोडायव्हर्सिटी’, म्हणजे जैवविविधता, हा शब्द त्या मानानं अलीकडचा, १९८६ साली वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या परिषदेतून रुळलेला. सहाच वर्षांनी रिओमध्ये जैवविविधता करार झाला. २०१९च्या जागतिक अहवालानं सुमारे १० लाख प्रजाती नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचा अंदाज दिला आणि कारणांची क्रमवारीही लावली. पहिलं कारण जमीन आणि समुद्राच्या वापरातला बदल, मग थेट शिकार-मासेमारी-तोड, मग हवामानबदल, प्रदूषण आणि परक्या आक्रमक प्रजाती. चर्चेत हवामानबदल पुढे असतो. नांगर, करवत आणि जाळी यांचा घाव अजून त्याहून मोठा आहे, हे विसरायला नको.

एखादा धागा किती अनपेक्षित जागी तुटतो, हे दक्षिण आशियातल्या गिधाडांनी दाखवलं. १९९०च्या दशकात त्यांच्या तीन प्रजातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. ना कोणी त्यांची शिकार केली होती, ना त्यांचं रान तोडलं होतं. कारण सापडलं ते २००४ साली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसात उरायचं आणि ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. दोन वर्षांत, २००६ साली, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आणली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि त्यातून निघालेलं पिल्लू स्वतः जोडी जमवण्याइतकं मोठं व्हायला पाच-एक वर्षं जातात.