वसुलीचा फोन: घड्याळ आणि जागा

गिरणगावात पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार जुन्या कामगारांना चांगलाच ठाऊक होता. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा केला, आणि कर्जदाराच्या मागे मागे फिरणे, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळणे गुन्हा ठरवले. बँकांचे कर्ज मात्र या कायद्याबाहेर राहिले. तेव्हा हप्त्यावर वस्तू घेणारे होतेच किती!

२००० नंतर क्रेडिट कार्डे आणि पर्सनल लोन सरसकट वाटली गेली, थकलेली खाती कमिशनवर वसुली एजन्सींकडे जाऊ लागली. ‘अवेळी त्रास देऊ नये’ असे रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या नियमांत होते. अवेळी म्हणजे किती वाजता, ते नव्हते. २००७ मध्ये गुंड लावून गाडी उचलण्यावरून सर्वोच्च न्यायालयाने बँकेला फटकारले. २००८ च्या नियमांनी एजंटाला ओळखपत्र आणि बँकेचे पत्र जवळ बाळगणे बंधनकारक केले.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत फोनची वेळ ठरायला २०२२ उजाडले. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरीब घरांना बिनतारण, बहुधा बायकांच्या गटातून मिळणाऱ्या छोट्या कर्जाला सकाळी ९ ते संध्याकाळी ६, बाकीच्यांना ८ ते ७. एकाच घरात बायकोचे गटकर्ज आणि नवऱ्याचे बाइक लोन थकले, तर घड्याळे दोन.

हा निर्णय कर्जदाराच्या बाजूचा म्हणून गाजला. मुंबईपुरते बोलायचे तर तो अर्धाच उपयोगाचा आहे. विरार-बदलापूरचा माणूस आठला गाडीत असतो आणि सातला परतीच्या गर्दीत. म्हणजे फोनची सगळी मुभा नेमकी ऑफिसच्या वेळेत. मोबाइल उचलला नाही की रिसेप्शनच्या लँडलाइनवर: “अमुक साहेब आहेत का? त्यांच्या ड्यूचं बोलायचं होतं.” जेवणाच्या सुट्टीपर्यंत मजलाभर कळलेले असते. नियमात चारचौघांत अपमान करायला, नातेवाईक-मित्रांना छळायला मनाई आहे, पण नुसत्या चौकशीला अपमान कोण म्हणणार? सावकाराला जी जागा १९४६ मध्ये बंद झाली, ती बँकांच्या स्वतःच्या आचारसंहितेत उघडी होती: ग्राहकाने जागा सांगावी, न सांगितल्यास घर, तिथे न भेटल्यास कामाचे ठिकाण.

जागा लेखी कळवता येते, हे थकबाकीदारांपैकी फार थोड्यांना माहीत असते. हप्ता चुकल्यावर पहिल्या आठवड्यातच तसा ईमेल बँकेला करावा, एजन्सीला नव्हे.